टेनिस कोर्टाच्या वर, 917 नावं

गुवाहाटीला विमानातून उतरायचं, गाडी ठरवायची, काझीरंगा करून दिमापूरमार्गे कोहिमा गाठायचं: पुण्यामुंबईच्या कुटुंबांमध्ये ईशान्येची ही सहल आता चांगलीच रुळली आहे. दिमापूरपासूनचा सत्तरेक किलोमीटरचा चढ संपतो आणि गावाच्या ऐन मध्यावर ड्रायव्हर गाडी थांबवतो. ‘वॉर सेमेटरी’. बहुतेकांच्या वेळापत्रकात तिच्यासाठी अर्धा तास असतो.

एप्रिल 1944 मध्ये जपानची 31वी डिव्हिजन सेमेटरीच्या या टेकडीवर चालून आली. वर अडकलेल्या इंग्रज आणि भारतीय शिबंदीत प्रत्यक्ष लढणारे दीड हजारांच्या आसपास होते, समोर त्यांच्या कितीतरी पट फौज. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट मध्ये आणि दोन्ही कडांना दोन सैन्यं, अशी लढाई इथे झाली. हातबॉम्ब एका बाजूने दुसऱ्या बाजूला सहज पोचत. अखेर 13 मे रोजी एक रणगाडा चढावरून वर ओढून आणला, तेव्हा कोर्ट सुटलं. बंगला राहिला नाही, पण कोर्टाच्या पांढऱ्या रेषा काँक्रीटमध्ये आखून ठेवल्या आहेत. मुलं त्या रेषांवरून पळतात आणि आईबाप त्यांना आवरतात. जवळच चेरीचं एक झाड आहे. जपानी नेमबाज ज्या झाडावरून गोळ्या झाडत, ते लढाईत गेलं. हे त्याच्याच बुंध्यातून पुन्हा फुटलेलं.

लक्ष वेधून घेतात ते मात्र कबरींवरचे बसके चौथरे. फ्रान्समधल्या युद्धस्मशानांच्या छायाचित्रांत पांढऱ्या उभ्या शिळांच्या रांगा दिसतात, तशा इथे नाहीत. गुडघ्याच्याही खाली राहणारा दगडी चौथरा आणि त्याच्या तिरक्या माथ्यावर कांस्याची पाटी. जमिनीची खात्री नसते तिथे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही पद्धत वापरतं. तुर्कस्तानात गॅलिपोलीलाही असंच आहे. कोहिमाचा डोंगर आणि इथला पाऊस ठाऊक असलेल्याला कारण वेगळं सांगावं लागत नाही.

चौथरा बसका असल्यामुळे माळ्याचं काम वाढतं. पावसाळ्यात गवत बघता बघता पाटीवर चढतं. यंत्र मधल्या पट्ट्यात चालतं, पण चौथऱ्याच्या कडेशी कात्री घेऊन वाकण्यावाचून इलाज नसतो. अशा 1,420 कबरी आहेत, त्यातल्या 141 अनोळखी. शेवटच्या टप्प्यापर्यंत हात पोचेतो पहिल्या टप्प्यावर गवत पुन्हा उठलेलं असतं. ही निगा पाहिली की मन भरून येतं. अंत्यसंस्कारानंतर ऐंशी वर्षं एवढ्या नेमाने कोण कुणाची जागा राखतं?

पाटीवर हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय आणि पुष्कळदा घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. वयं बहुतेक विशी-पंचविशीतली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन 9 एप्रिलला इथे पडला. त्याची पाटी शेजारच्या साध्या शिपायाच्या पाटीएवढीच आहे. मरणानंतर हुद्दा पाहायचा नाही, हे 1917 साली स्थापन झालेल्या या कमिशनचं मूळ तत्त्व.

आता आणखी वर जायला हवं. सेमेटरीच्या सर्वांत उंच जागी दहन झालेल्या सैनिकांचं स्मारक आहे. 917 हिंदू आणि शीख जवानांची नावं तिथे कोरली आहेत. फोटो काढून थकलेली बरीच मंडळी तिथवर चढत नाहीत. चढलं की खालचा आणि वरचा फरक जाणवतो. इथे पलटण, हुद्दा आणि नाव, बस्स. वय नाही, घरच्यांची ओळ नाही. धर्माप्रमाणे दहन झालं म्हणून कबर नाही, हे रास्तच. आणि कबर नसलेल्या गोऱ्या सैनिकांनाही इतरत्र भिंतीवर फक्त नावच मिळतं. तरीही खालच्या पाट्या वाचून वर आलेल्या माणसाला ही भिंत मुकी वाटते.

या जाणिवेला इतिहासाची जोड आहे. पहिल्या महायुद्धातल्या मृतांबाबत आपण समान वागणुकीचं तत्त्व पाळलं नाही, हे कमिशननेच 2021 च्या अहवालात कबूल केलं आणि माफी मागितली. अंदाजे 45,000 ते 54,000 जणांना, ज्यांत भारतीय आणि आफ्रिकी मोठ्या संख्येने होते, असमान वागणूक मिळाली. आणखी किमान 1,16,000 जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंदच कुठे कोरली गेली नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही पद्धत सुधारली होती आणि कोहिमाची भिंत हे त्याचंच उदाहरण. पण सुधारणा म्हणजे भरपाई नव्हे. जखमींना खांद्यावरून वाहणारे, वाटा दाखवणारे नागा गावकरी तर या आवारात नावालाही नाहीत, कारण ही जागा गणवेशातल्यांचीच.

मराठी वाचकासाठी एक धागा जवळचा आहे. कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्यांना मार्च 1944 च्या अखेरीस मणिपुरातल्या सांगशाकला ज्या ब्रिगेडने काही दिवस अडवलं, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. ते मोलाचे दिवस मिळाले म्हणून कोहिमाला सावरायला अवधी मिळाला.

कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे ‘पणजोबा बर्मात गेले, परत आले नाहीत’ एवढंच ठाऊक असलेली घरं आहेत. कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने, पलटणीने शोध घेता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तेव्हा मराठा पलटणीचं इंग्रजी स्पेलिंग ‘महराट्टा’ (Mahratta) असं होत असे, म्हणून तेही घालून पाहावं. नोंदीत अनेकदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा सापडतो, म्हणजे भिंतीवर नाही ते कागदावर असतं. सहलीला निघण्यापूर्वी घरातल्या थोरांकडून नाव आणि पलटण विचारून घ्या. नोंदीत चूक आढळली तर कमिशनला पुराव्यासह कळवा. दुरुस्तीचे अर्ज तिथे आजही घेतले जातात.