समुद्रात हातमोजे कशाला?

आमचे मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पाणी म्हणजे विहीर, नाला आणि वेळेवर आला तर पाऊस. पण अलीकडे इथल्याही घराघरांतून कुणी ना कुणी मालवण-तारकर्लीला जाऊन येते आणि पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली काढलेला फोटो कौतुकाने दाखवते. स्कूबा डायव्हिंग हा शब्द आता पारावरही कुणाला नवा नाही.

पुतण्याची मुलगी अशीच निघाली आहे. तिने फोनवर विचारले, ‘‘आबा, हातमोजे घेऊ का? दुकानात छान रंगीत मिळतात.’’ शेजारचे गृहस्थ ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘समुद्रात हातमोजे कायले? थंडी वाजते काय तिथं?’’ प्रश्न गमतीचा असला तरी मुद्द्याचा होता.

थंड समुद्रात हातमोज्यांना पर्याय नाही. पाणी शरीरातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने ओढून घेते. बोटे बधिर झाली की पट्ट्याचे बक्कल सुटत नाही, हवेचे बटण सापडत नाही आणि मामला जिवावर बेततो. आपल्या कोकणातले पाणी मात्र कोमट. तिथे थोड्या वेळाच्या बुडीत बोटे गारठण्याची भीती नाही. उलट जाड मोज्यांमुळे हाताला स्पर्श कमी कळतो. पाण्याखाली बोलता येत नाही, सारे संभाषण बोटांच्या खुणांनी चालते. (अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो, हेही नवख्यांनी ध्यानात ठेवावे!)

मग राहतो तो कापण्या-डसण्याचा धोका. तो खोटा नाही. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे कोकणात होतो. कालवे काढणाऱ्या बाया पैसे काढायला येत. स्लिपवर अंगठा उमटवायचा, तर रेषाच धड उमटत नसत. कालवांच्या धारेने बोटे चिरलेली असत. खडकांवर, नांगराच्या दोरांवर तसलेच धारदार शिंपले चिकटलेले असतात. काही प्रवाळसदृश जीव नुसत्या स्पर्शाने आग आग करतात. पण लायनफिशसारख्या विषारी माशाचा काटा कापडी मोज्यातून सहज आरपार जातो. म्हणजे मोजा जेवढा धीर देतो, तेवढे संरक्षण देतोच असे नाही.

आणि हा धीरच खरी अडचण आहे. उघड्या हाताचा माणूस खडक दिसला की हात आखडता घेतो. मोजे घातलेला माणूस तोल गेला की समोर दिसेल ते बिनधास्त धरतो. तो धरतो ते बरेचदा प्रवाळ असते. दिसायला दगड, पण वर इवल्या जीवांची पातळ, जिवंत कातडी. ती एकदा खरवडली गेली की त्या जागी शेवाळ धरते, रोग शिरतो. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. आपण आधारासाठी धरलेला वीतभर तुकडा कदाचित आपल्या मुलांच्या वयाचा असतो.

मालवणला हे धन किनाऱ्यालगत आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचेही कवच आहे. पण पाण्याखाली पोलीसपाटील नसतो. हंगामात रोज शेकडो माणसे उतरतात आणि प्रत्येकाने ‘एकदाच’ हात लावला, तरी हिशेब कुठे जातो ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाच्या सागरी उद्यानात हातमोज्यांना म्हणूनच बंदी आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोजे काढल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. नुसत्या हातानेही प्रवाळ मोडणारे असतातच. शिवाय तळाशी अडकलेली जाळी सोडवणारे, बुडालेल्या जहाजांत शिरणारे, शिंपल्यांनी मढलेला दोर धरून उतरणारे यांना मोजे हवेतच. त्यांच्या हाताला तिथे काम आहे.

सगळी मेख इथेच आहे. आमच्याकडे कपाशी वेचताना वाळलेल्या बोंडांची टोके बोटांत घुसतात, तरी हात लावल्यावाचून कापूस घरी येत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे खरे हवेत ते तिथे, आणि उकाड्यामुळे म्हणा की पैशांमुळे म्हणा, तिथेच ते नसतात. हौसेने समुद्रात उतरणाऱ्याला मात्र कशालाच हात लावायचा नसतो. मग झाकायचे तरी कशासाठी?

तेव्हा मुलीला मी सांगितले, मोज्यांचे पैसे वाचव आणि ते चांगल्या प्रशिक्षकावर खर्च कर. तिथला नियम आधी विचार. पाण्यात स्थिर तरंगायला शीक, दोन्ही हात छातीशी दुमडून ठेव. मासे आपणहून जवळ येतील, त्यांना पाव भरवू नकोस. दोर धरायचाच असेल तर प्रशिक्षक सांगेल तेव्हा, सांगेल तिथेच धर. बाकी सारे डोळ्यांनी बघ. तेवढ्यासाठीच तर इतक्या लांब जायचे!