बेरीज कशाची झाली?

वारंवारता सारणी शिकवताना एक चूक आम्हांला वर्षानुवर्षे भेटत आली आहे. मुले ताळ्याच्या खुणा बिनचूक करतात, बेरीजही करतात. पण ती बेरीज कशाची झाली असे विचारले की वर्ग गप्प होतो. अशा वेळी आम्ही पुढचे खरे उदाहरण फळ्यावर मांडतो.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ पासून जर्मनीने लंडनवर व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारे बॉम्ब सोडले. काही भागांत ते पुन्हा पुन्हा पडत, काही भाग कोरे राहत. शत्रू ठरावीक वस्त्या निवडून मारतो आहे, असा समज पसरला. कोठे राहावे आणि कोठून हलावे, हा जिवाचाच प्रश्न होता.

आर. डी. क्लार्क या विमागणितीने दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ समान चौकोन पाडले आणि कोणत्या चौकोनात किती बॉम्ब पडले ते मोजले. त्याने १९४६ साली प्रसिद्ध केलेली मोजणी अशी :

एका चौकोनातील बॉम्ब : ०, १, २, ३, ४, ५ किंवा अधिक
असे चौकोन : २२९, २११, ९३, ३५, ७, १

आता विचारावे, एकूण बॉम्ब किती? खालची ओळ बेरजेला घेऊन बरीच मुले ५७६ म्हणतात. पण हे तर चौकोन झाले! वर प्राप्तांक आहेत, खाली त्यांची वारंवारता. ९३ म्हणजे ९३ बॉम्ब नव्हेत. दोन-दोन बॉम्ब पडलेले ९३ चौकोन, म्हणजे १८६ बॉम्ब. 'किंवा अधिक' या शब्दांनी मात्र थोडी माहिती गिळली आहे. एकूण बॉम्ब ५३७ होते, एवढे सांगून शेवटच्या चौकोनात किती पडले ते मुलांनाच काढू द्यावे. (उत्तर ७.)

शून्याखालचे २२९ मुलांना खटकतात. जेथे काही पडलेच नाही ते कशाला मोजायचे? पण ते गाळले, तर दर चौकोनी सरासरी ०.९३ वरून एकदम १.५५ वर जाते.

हे ५३७ बॉम्ब या भागात वस्ती न निवडता कसेही पडले असते तर? प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने चौकोनांची संख्या क्रमाने सुमारे २२७, २११, ९९, ३१, ७ आणि शेवटी दीडच्या आसपास येते. प्रत्यक्ष मोजणी याच्या अगदी जवळ आहे. बॉम्ब लंडनच्या दिशेने सोडलेले होते हे खरेच. पण या भागातल्या वस्त्या निवडल्या असत्या, तर रिकामे चौकोन आणि खूप मार बसलेले चौकोन, दोन्ही याहून जास्त निघाले असते. एका चौकोनात चार बॉम्ब पडले, एवढ्यावरून नेम सिद्ध होत नाही.

हे वर्गात करून पाहता येते. सहा ओळी व सहा स्तंभांची ३६ घरे आखावीत. तांबडा फासा ओळ ठरवील, पांढरा स्तंभ. दोन्ही फासे ३६ वेळा टाकून प्रत्येक वेळी त्या घरात एक टिंब द्यावे. किती घरे रिकामी राहतील, याचा अंदाज मात्र प्रत्येकाकडून आधीच लिहून घ्यावा. टिंबे घरांइतकीच असल्याने मुले फार तर चार-पाच म्हणतात. रिकामी राहतात तेराच्या आसपास.