एका वेताची दोन पिल्लं, पण वळण दोन तऱ्हेचं

मागल्या दिवाळीनंतर वन्संकडे नाकाडोंगरीला चार दिवस राहायला गेले होते. भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या वर, मध्य प्रदेशच्या सीमेकडे हे गाव आहे. जवळपास चिखल्याच्या आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, आणि बाकी जंगल. जंगल म्हटलं की बिबट्या आला, आणि बिबट्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार दुसरी कुठली? म्हणून वन्संच्या घरी एक नियम आहे : दिवेलागणीला कुत्री आत आलीच पाहिजेत.

कुत्री दोन, वाघ्या आणि काळी. एकाच वेताची गावठी पिल्लं, सात-आठ महिन्यांची. आणि दोघंही हाकेला येत नव्हती!

वन्संनी एकच उपाय दोघांवर चालवला होता. मोठ्यांदा ओरडायचं, आणि उशिरा आलं की पाठीत एक रट्टा. त्यांच्या सासूबाईंचाही दुजोरा होता, “मारल्याबिगर कुत्रं आयकत नाही.” वाघ्याला त्या रट्ट्याचं काहीच वाटत नसे, तो उलट शेपूट हलवत पुन्हा पळायचा. काळी मात्र हाक ऐकली की कुंपणापाशी जमिनीला चिकटून बसायची, नाहीतर खाटेखाली शिरायची. मी गेले त्याच संध्याकाळी वन्संचा धाकटा तिला खाटेखालून ओढायला गेला आणि तिनं त्याच्या हाताला दात लावला. रक्त आलं.

आधी जे करायचं ते केलं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि लगेच डॉक्टरांकडे नेलं. पिल्लांना लस टोचलेली होती, तरीही नेलं. मैत्रिणींनो, हळद, तिखट, चुना असलं काही चावलेल्या जागी भरू नका आणि “उद्या बघू” म्हणू नका.

रात्री जेवताना निर्णय झाला, काळीला जंगलाकडे सोडून यायचं. वन्सं गप्प बसल्या होत्या. मग मला बोलावंच लागलं, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. आमच्या मोत्यानं घरात घाण केली की मी त्याचं नाक त्यात घासायची. घाण करायचा तो थांबला नाहीच, पण जन्मभर मला बिचकत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, आई एक, घर एक, मग स्वभाव दोन कसे? अहो, आपली मुलं तरी एकसारखी असतात का? पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं कुत्र्यांच्या मज्जासंस्थेवरून त्यांचे चार प्रकार मानले होते. १९२४ साली लेनिनग्राडला महापूर आला, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेतली कुत्री कशीबशी वाचवली. नंतर पाहतो तर काय, भित्र्या कुत्र्यांनी शिकलेलं सारं काही काळ पार पुसून गेलेलं, दमदार कुत्र्यांचं मात्र तसं नाही. जातीवरूनही सगळं कळत नाही बरं का. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे पडणारा वाटा तिच्यात जेमतेम नऊ टक्के निघाला. तेव्हा पुस्तकातली जात वाचण्यापेक्षा अंगणातलं कुत्रं नीट बघावं हे बरं.

वाघ्या का येत नव्हता? हाक म्हणजे खेळ संपला, हे त्याला कळलं होतं. म्हणून त्याला दिवसातून दहा वेळा हाक मारायची, आला की गळपट्टा धरायचा, भाकरीचा तुकडा द्यायचा आणि “जा!” म्हणून पुन्हा सोडायचं. त्याचं खरं बक्षीस भाकरी नाही, ते “जा” आहे. सुरुवातीला वीस-पंचवीस फुटांची दोरी बांधून ठेवायची. हिसके द्यायला नव्हे, तो निसटू नये एवढ्यासाठी. त्याच्यामागे मात्र कधी धावू नका, त्याला शिवणापाणीच वाटते. आपण उलट दिशेनं पळालं की तोच मागे येतो. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारल्या तर पाठ फिरवून उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही. असल्या कुत्र्याला आपलं रागावणंही लाडच वाटतं.

काळीला यातलं काहीच चाललं नसतं. तिच्या लेखी हाक म्हणजे मार. मग ती हाकच बंद केली. खाटेखालची जागा तिची, तिथं मुलांनी हात घालायचा नाही, असं ठरवलं. मी ओट्यावर तिच्याकडे अर्धी पाठ करून बसायची, डोळ्याला डोळा न भिडवता, आणि उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे थोड्या अंतरावर टाकायची. (कांदा-लसूण घातलेलं कालवण किंवा मनुका मात्र कुत्र्याला घालू नयेत, त्या बाधतात.) पहिल्या दिवशी मी आत गेल्यावर तिनं ते खाल्ले. तिसऱ्या दिवशी माझ्या पदरापाशी आली. डोक्यावरून हात फिरवायचा मोह आवरला, हनुवटीखाली खाजवलं. शिकवणी दोन मिनिटांची, त्याहून जास्त नाही.

“लाडानं आणखीन बिघडते ते,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा मान राखून सांगितलं, भीती लाडानं वाढत नाही, मारानं वाढते. आणि ती गुरगुरली तर गुरगुरू द्या, मागे सरा. गुरगुरणं ही सूचना आहे. त्यासाठी मार दिला तर कुत्रं सूचना द्यायचं सोडतं आणि सरळ चावतं.

हाकेच्या जागी आम्ही नवी खूण ठरवली, पितळी ताटलीवर चमच्याचे दोन टोले. आधी टोले, लगेच अंडं. ओरडणं नाही, रागवणं नाही, उशिरा आली तरी नाही. ही शेवटची अट वन्संना सर्वांत जड गेली. काळजीपोटीच ओरडत होत्या ना त्या!

निघताना महिनाभराची मुदत मागून घेतली. संक्रांतीच्या सुमारास वन्संचा फोन आला. वाघ्या दहांतून सात-आठ वेळा येतो. ससा दिसला तर अजूनही नाही, म्हणून संध्याकाळी दोरी आहेच. काळी कुणा परक्याकडे जात नाही, आणि जाणारही नाही बहुधा. पण आदल्या आठवड्यात शेजारच्या वाडीत बिबट्याच्या पावलांचे ठसे दिसले, आणि त्या संध्याकाळी वन्संनी ताटली वाजवली तेव्हा उंबरठ्याच्या आत पहिली काळी होती.