'जात्याच' प्रामाणिक?

"स्त्रिया जात्याच प्रामाणिक असतात, म्हणून पंचायती त्यांच्या हाती द्या," असे एका सभेत एक वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मला मात्र 'जात्याच' हा शब्द टोचला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच तर्काने जमातीच्या जमाती जन्मजात चोर ठरवल्या होत्या. शिक्क्याऐवजी हार घातला म्हणून तर्क बदलत नाही.

तपासले तर काय दिसते? ड्रेबर आणि योहानेसन यांचा स्वीडनमधला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. खोटा निरोप दिला तर समोरच्याचे नुकसान आणि आपला थोडा फायदा, असा खेळ. ५५ टक्के पुरुष खोटे बोलले, स्त्रिया ३८ टक्के. एवढेच वाचले तर वक्ते बरोबर. पण २०१२ साली जेसन चाइल्ड्स यांनी मोठ्या रकमा लावून तसाच खेळ मांडला, तेव्हा फरक उरला नाही. पुढे २०१९ मध्ये ५६५ प्रयोगांची बेरीज झाली: खोटे बोलणारे पुरुष ४२ टक्के, स्त्रिया ३८. या चार टक्क्यांवर स्वभावाचे केवढे देऊळ बांधायचे?

मला अधिक बोलका वाटतो तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला झुरिकचा प्रयोग. फासा एकट्याने टाकायचा, आकडा आपणच सांगायचा. जितका आकडा तितके फ्रँक, सहाला मात्र शून्य. सगळे खरे बोलते तर प्रत्येक आकडा सुमारे १७ टक्क्यांनी सांगितला असता. पाच सांगणारे निघाले ३५ टक्के. सहा सांगणारे जेमतेम सहा. 'चार'सुद्धा प्रमाणाबाहेर आले. म्हणजे काहींनी खोटे बोलतानाही लाज राखली! बक्षीस तिप्पट केले तरी खोटेपणा फारसा वाढला नाही. माणसाला पैसा हवा असतो, तसे चारचौघांत खरे दिसणेही हवे असते. बाईला आणि बुवालाही. म्हणून फासा कोणाच्या नजरेआड पडतो, हे मी आधी विचारतो. आपल्याकडे तिजोरीची किल्लीच ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आली नाही, त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा झाली केव्हा?

सभा संपल्यावर आमच्याच वस्तीतल्या एक सरपंचबाई भेटल्या. म्हणाल्या, "दादा, माझी सही कोऱ्या चेकवर घेतात. आधी पासबुक दाखवा म्हणावं. मग मी प्रामाणिक का लबाड, ते बघा."