दम लागतो, मग जेवायचं कसं?

आजचा विषय आईचं ताट. आईला सीओपीडी आहे. सिगरेट कधी शिवली नाही, पण अर्धं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं. मागच्या वर्षी तिचं वजन ४६ किलोवरून ४१ वर आलं. मी इन्हेलरचे डोस एक्सेलमध्ये लिहीत बसलो, ताटाकडे बघितलंच नाही. "वयामुळे भूक कमी झाली," एवढंच म्हणायचो.

आहारतज्ज्ञ मॅडमनी समजावलं. या आजारात नुसता श्वास घ्यायलाही जास्त ताकद लागते, म्हणून कॅलरी जास्त जळतात. त्यात पोट गच्च भरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. दम लागतो, माणूस चार घास खाऊन उठतो. मग शरीर स्नायू झिजवतं, श्वासाचेसुद्धा. दम आणखी वाढतो. आमच्या भाषेत इन्फिनाइट लूप!

तो तोडायला दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी खाणी सुरू केली. जेवणाआधी थोडा आराम. पाणी जेवताना कमी, मधल्या वेळात जास्त. भाकरीवर तूप, सोबत दाण्याची चटणी. रोज अंडं किंवा पनीर. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम; किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोट फुगवणारं, म्हणजे कोबी, सोडा वगैरे, तिला सोसत नाही, म्हणून बंद.

आता वजन ४३ आहे. तुमच्याही घरी असा पेशंट असेल तर महिन्यातून एकदा वजन करा. आपोआप घटत असेल तर "वय झालं" म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. आम्ही उशीर केला.