नादारी, वार आणि मॅट्रिक

१८५९ साली मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक घेतली. १३२ मुलं बसली, २२ पास झाली. त्या बाविसांत रानडे होते, भांडारकर होते. पुढची नव्वद वर्षं मुंबई इलाख्यातल्या बहुतेक हायस्कुलांचा सगळा कारभार या एका परीक्षेभोवती फिरला, आणि सोलापूरचं सरकारी हायस्कूल, ज्याला गावाने पुढे नॉर्थकोट म्हणून ओळखलं, त्याला अपवाद नव्हतं. इंग्लंडातल्या ग्रामर स्कुलाचा हा दूरचा चुलतभाऊ. तिथे निवडक मुलांकडून लॅटिन घोकून घेत, इथे संस्कृत किंवा फारसी. हजेरीपटावर मुलगेच.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षण खातं उभं राहिलं आणि जिल्ह्याच्या गावी एक सरकारी हायस्कूल असावं असा परिपाठ पडला. एका अख्ख्या जिल्ह्याला एक शाळा! अक्कलकोटची सरहद्द, भीमेचा काठ, बार्शीची बाजारपेठ, करमाळ्याचं माळरान या सगळ्यांतून जे कोणी येतील त्यांच्यासाठी एवढीच. मराठी इयत्ता संपवून मुलगा इंग्रजी पहिलीत यायचा आणि टिकला तर इंग्रजी सातवीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात पोचायचा. वाटेत इंग्रजीसाठी तर्खडकरांची पाठमाला आणि संस्कृत घेतलं असेल तर भांडारकरांचं पुस्तक. वरच्या वर्गात गणित आणि इतिहाससुद्धा इंग्रजीतून. सोलापुरात याचा अर्थ पुण्यापेक्षा वेगळा होता. इथे घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शेजारी दखनी उर्दू. विणकराच्या किंवा लिंगायत व्यापाऱ्याच्या मुलाला मराठी हीच दुसरी भाषा होती, इंग्रजी तिसरी. पुण्याच्या सदाशिव पेठेतला मुलगा शर्यतीला उभा राहायचा तेव्हा हा मुलगा दोन कोस मागे असायचा, आणि निकालाच्या यादीत ते अंतर कुठे लिहिलेलं नसे.

मॅट्रिकच्या आधी शाळेची स्वतःची चाचणी असे. तीत जो घसरला त्याचा फॉर्म हेडमास्तर अडवून धरत. शाळेचा निकाल चांगला दिसावा हे त्यामागचं खरं कारण. फॉर्म सुटावा म्हणून वडिलांनी हेडमास्तरांच्या घरी खेपा घालणं हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या हायस्कुलाच्या आठवणींत सापडतं. निवड म्हणतात ती ही. पण मला वाटतं, खरी निवड त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असे आणि तिला प्रश्नपत्रिका लागत नसे.

१८६० मध्ये सोलापूरला आगगाडी आली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलाचं काम दिवसाला नऊ तासांवर आणलं. हा सुधारणेचा कायदा होता, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणजे गावातला एक मुलगा इंग्रजी पहिलीत धातू पाठ करत असताना त्याच वयाचा दुसरा कायदेशीरपणे नऊ तास गिरणीत उभा होता, आणि तिसरा घरच्या मागापाशी कांड्या भरत होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच बोट ठेवलं होतं: सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर वरच्या वर्गाची मुलं शिकतात. सरकारी हायस्कुलाची इमारत दिसली की मला ते निवेदन आठवतं.

या शाळेचं सर्वांत परिचित नाव वालचंद हिराचंद यांचं. १८८२ साली सोलापुरातच जन्म, १८९९ मध्ये इथल्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक, मग मुंबईला सेंट झेवियर्स. पुढे सिंदिया कंपनीची जहाजं आणि बंगळुरातला विमानांचा कारखाना. पण वालचंदांचं दोशी घराणं हे पेढीवाल्यांचं घर होतं. त्यांना फीची चिंता नव्हती आणि जेवायला स्वतःचं स्वयंपाकघर होतं. सगळ्या मुलांचं तसं नव्हतं.

पैसा नसलेल्या हुशार मुलासाठी दोन सोयी होत्या. एक नादारी, म्हणजे फीमाफी. ती हेडमास्तरांच्या मर्जीवर आणि गुणांवर मिळे, नापास झाला की जाई. दुसरी सोय जास्त महत्त्वाची, वार. खेड्यातून आलेला ब्राह्मण मुलगा सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. एखादा वार भरला नाही तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर पाणी पिऊन झोप. वारावर जेवणाऱ्या मुलांच्या हालांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं, आणि ते खरंच होतं. कोणाच्या घरी शिळं वाढत, कोणी कामं सांगत. पण ही व्यवस्था मिळायलाही जात लागायची, हे त्या आठवणींत क्वचित येतं. शिळं का होईना, पंगतीला बसवून वाढणारं घर ज्याला गावात मिळणार नव्हतं, त्या मुलाने हुशारीचं काय करायचं?

त्याचं उत्तर वसतिगृहात होतं, आणि ते सगळ्यांत आधी कोल्हापूरला सुचलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहं काढली. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असं त्यात म्हटलं होतं. कागदावर सोलापूरच्या हायस्कुलाचं दार उघडं झालं. दारापर्यंत आलेल्या मुलाने रात्री झोपायचं कुठे, हे ठराव सांगत नव्हता.

ते सांगितलं बहिष्कृत हितकारिणी सभेने. डॉ. आंबेडकरांची ही संस्था जुलै १९२४ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, तिने आपलं वसतिगृह सोलापुरात उघडलं. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं. सोलापूर नगरपालिकेने खर्चाला ४० रुपयांचं अनुदान दिलं. रक्कम छोटी, पण एका नगरपालिकेने हे आपलं काम मानलं याला त्या काळात वजन होतं. आंबेडकर स्वतः १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले होते. चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. सोलापूरच्या शाळांचा इतिहास लिहिताना इमारतींच्या कोनशिला मोजतात. मी या वसतिगृहाची तारीख त्या सगळ्यांच्या वर लिहीन.

तोवर गावात शाळाही वाढत होत्या. पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीची हरिभाई देवकरण प्रशाला, सोलापूरकरांची एच.डी., मध्यमवर्गाची शाळा झाली. पद्मशाली समाजाने कुचन प्रशाला उभी केली, मुसलमान मुलांसाठी पानगल अँग्लो-उर्दू आली, मुलींसाठी सेवासदन. प्रत्येक समाजाने आपापलं दार केलं. कोणी याला गावाची फूट म्हणेल. मला तो एकाच दारावर अवलंबून राहायला दिलेला नकार वाटतो. भांडणं, पैजा, क्रिकेटचे सामने मात्र या शाळांत आपसांत रंगत, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की कुठल्याच शाळेत हजेरीचा अर्थ उरत नसे.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ आला आणि जून संपेपर्यंत राहिला. मे म्हणजे सुट्टीचे दिवस, त्यामुळे शाळेच्या भिंतींआड फारसं घडलं नसावं. मुलं रस्त्यावर होती. त्याच प्रकरणात पुढच्या जानेवारीच्या १२ तारखेला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन फाशी गेले.

स्वातंत्र्यानंतर चाळणीची जागा बदलत गेली. १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी-सवलत दिली आणि नादारी हेडमास्तरांच्या मर्जीतून सुटून उत्पन्नाच्या दाखल्यावर आली. सोलापूर जिल्ह्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर त्या दाखल्यामुळे झाला असेल, याचा अंदाज साठीच्या पुढच्या कुणाशीही पाच मिनिटं बोललं तरी येतो. दरम्यान निवडक मुलांची शाळा गावातून बाहेर, निवासी झाली. १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. त्याच दशकात मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना शासकीय विद्यानिकेतनं निघाली, त्यांतलं एक पुसेगावला. खेड्यातल्या मुलाने स्कॉलरशिपच्या परीक्षेत चमकावं आणि एस.टी.त ट्रंक चढवून तिकडे जावं. दोन्ही शाळा मुलग्यांच्याच. साताऱ्याच्या शाळेत मुली आल्या त्या २०२१ नंतर.

आता जिल्ह्यातली चाळणी मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे, जवाहर नवोदय विद्यालयात. सहावीच्या वर्गाला ८० जागा, त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. परीक्षा मराठीतून देता येते, म्हणजे तर्खडकरांचा अडसर दारातच नाही. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारची. जुन्या हायस्कुलाने जे कधी केलं नाही ते नवोदयने पहिल्या दिवसापासून केलं: निवडलेल्या मुलाच्या ताटाची जबाबदारी घेतली. नवी अडचण अलीकडची आहे. चौथी-पाचवीपासून नवोदयच्या आणि सैनिक शाळेच्या शिकवण्या लागतात, तालुक्याच्या गावी त्यांच्या पाट्या दिसतात, आणि त्या शिकवण्यांना नादारी नाही. ज्यांची निवड होत नाही ती बहुसंख्य मुलं गावची जिल्हा परिषद शाळा संपवून जवळच्या हायस्कुलात जातात, बऱ्याचदा एस.टी.ने. मुलगी असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. मुलगा असेल तर सवलतीच्या दरात.