जस्त, विष आणि प्रतिपिंडाची पारख

लालबाग हे नाव घेताच मुंबईकराच्या डोळ्यांपुढे परळला लागून असलेली गिरणगावातील वस्ती उभी राहते. बऱ्हाणपूरकराला मात्र लालबाग म्हणजे आगगाडीच्या स्थानकाचा परिसर. तापीकाठचे बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाची सीमा तेथून जवळच आहे. केळी आणि कापूस ही दोन्हीकडची सामायिक पिके आहेत, आणि मराठी तेथे पुष्कळ घरांतून ऐकू येते. या दोन लालबागांचा संबंध केवळ नामसादृश्याचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु बऱ्हाणपूरच्या लालबागेकडील एखाद्या केळीच्या बागेत अंधारात पाणी सोडावयास गेलेल्या माणसाला घोणस चावली, तर त्याचा जीव ज्या औषधावर अवलंबून असतो, त्याच्या भारतीय इतिहासातील एक मोठे नाव मुंबईच्या लालबागेशेजारी, परळला आहे. ते म्हणजे हाफकिन संस्था.

त्या औषधात प्रत्यक्ष काम करणारा पदार्थ म्हणजे प्रतिपिंड. हाच पदार्थ प्रयोगशाळेत शोधनाचे व मोजमापाचे साधन म्हणूनही वापरतात. जस्त धारण करणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास तर त्याच्यावाचून जवळजवळ अडूनच राहील. औषध आणि साधन या दोन्ही रूपांत प्रतिपिंडाची किंमत एकाच प्रश्नावर ठरते. ते ज्याला ओळखते असे आपण समजतो, त्यालाच ते खरोखर ओळखते काय?

प्रथम जस्ताविषयी. केळी, भात, कापूस पिकविणाऱ्याला जस्त ठाऊक असते ते झिंक सल्फेटच्या रूपाने. डॉ. य. ल. नेने यांनी पंतनगर येथे १९६६ मध्ये दाखवून दिले, की भातावरील ‘खैरा’ हा रोग कोणा जंतूचा नसून जमिनीतील जस्ताच्या उणिवेचा आहे. माणसाच्या शरीरात सारे मिळून दोन-तीन ग्रॅमच जस्त असते. एवढ्याशा धातूचे शरीराला काय काम, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे पहिले स्पष्ट उत्तर केंब्रिज येथे काइलिन आणि मान या संशोधकांनी १९४० च्या सुमारास दिले. रक्तातील तांबड्या पेशींत कार्बन डायऑक्साइडची वासलात लावणारे एक विकर असते. त्या विकराच्या गाभ्यात त्यांना जस्त सापडले. जस्त काढून घेतले, की विकर निकामी होते.

तेव्हापासून ही यादी वाढतच गेली. स्वादुपिंडात इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती एकत्र येऊन साठून राहतात. १९८५ मध्ये एरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या एका प्रथिनात जस्ताने बांधलेले, बोटासारखे लहान लहान भाग असल्याचे सुचविले. ही ‘जस्त-बोटे’ आनुवंशिक द्रव्याला धरून बसतात. मानवी शरीरातील सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी प्रथिने जस्त धारण करीत असावीत, असा आजचा अंदाज आहे.

आता विषाकडे वळू. जस्ताधिष्ठित प्रथिने जशी शरीराच्या सेवेत आहेत, तशीच ती सापाच्या विषग्रंथीतही आहेत. फुरसे आणि घोणस यांच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या जस्तधारी विकरांचा मोठा वाटा असतो. त्यांच्या रेणूत एक खोल खाच असते. तिच्या तळाशी जस्ताचा एक आयन हिस्टिडीन नावाच्या तीन अमिनो आम्लांच्या चिमटीत धरलेला असतो, आणि त्याच जागी समोरचे प्रथिन कापले जाते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आधार देणारे अस्तर ही विकरे विरवून टाकतात. मग रक्त वाहिनीबाहेर झिरपू लागते. फुरशाच्या विषातील एकारिन नावाचे जस्तधारी विकर रक्त गोठविणारी यंत्रणा अवेळी सुरू करून देते. घोणशीच्या विषातही त्याच कुळातले एक विकर असून ते गोठणक्रियेच्या दुसऱ्या पायरीवर घाला घालते. परिणाम वरकरणी उलटा दिसतो. गोठण्याचे साहित्य शरीरात ठायी ठायी व्यर्थ खर्ची पडते, आणि जखमेतून येणारे रक्त गोठतच नाही. म्हणूनच दवाखान्यात अशा रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. त्यानंतर नळी कलती करून ते पातळच राहिले असल्यास अशा विषाचा संशय बळावतो. या साध्या काचनळीत आपण एका जस्तधारी विकराची करणीच पाहात असतो.

या विषावर उतारा कसा मिळाला? १८९० मध्ये बेहरिंग व किटासाटो यांनी दाखविले, की थोडे थोडे विष टोचून पोसलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये काल्मेत यांनी, आणि स्वतंत्रपणे फिसालिक्स व बर्त्राँ यांनी, हेच तत्त्व सर्पविषाला लावले. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर डॉ. हाफकिन यांनी प्रयोगशाळा उभारली. ती १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली, आणि १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हाफकिनच्या परंपरेत, तसेच देशातील अन्य उत्पादकांकडे, घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची विषे अल्प मात्रेत टोचतात. कालांतराने घोड्याच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात.

येथे थोडा हिशेब उद्‌बोधक ठरेल. भारतीय प्रमाणानुसार या प्रतिविषाच्या एक मिलिलिटरने नागाचे किंवा घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम, आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. म्हणजे दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीच्या सहा मिलिग्रॅम विषाला पुरते. घोणस एका चाव्यात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते. उपचाराचा प्रारंभ एका कुपीने न होता आठ-दहा कुप्यांनी का होतो, याचे कारण या साध्या भागाकारात आहे. परंतु हा सारा भागाकार एका गृहीतावर उभा आहे: चावलेल्या सापाचे विष आणि घोड्याला टोचलेले विष एकसारखे असले पाहिजे.

हे गृहीत तपासावयाचे तर प्रतिपिंडाचे दुसरे रूप, म्हणजे प्रयोगशाळेतील साधन, समजून घ्यावे लागते. प्रतिपिंड हे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन असून, त्याच्या दोन शेंड्यांवर एका विशिष्ट आकारालाच घट्ट बसेल अशी खोबण असते. साऱ्या मिश्रणातून हवे तेच वेचून काढण्याची ही शक्ती मोजमापासाठी प्रथम यशस्वीपणे वापरली ती रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. त्यांनी १९६० मध्ये रक्तातील इन्सुलिनचे अत्यल्प प्रमाण प्रतिपिंडांच्या साह्याने मोजून दाखविले, आणि या पद्धतीसाठी यॅलोंना १९७७ चे नोबेल पारितोषिक लाभले. १९७१ मध्ये किरणोत्सर्गी द्रव्याऐवजी रंग उत्पन्न करणारे विकर वापरणारी एलायझा पद्धत आली. १९७५ मध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच घडणीचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची युक्ती शोधली. घोड्याच्या रक्तद्रवात हजारो तऱ्हांची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. या नव्या पद्धतीत सगळी एका साच्यातली.

विषाची परीक्षा अशी चालते. प्लॅस्टिकच्या लहान लहान वाट्यांच्या तळाला विषातील प्रथिने चिकटवितात. त्यांवर प्रतिविष ओततात, धुऊन काढतात, आणि मग घोड्याच्या प्रतिपिंडाला ओळखणारे, रंग देणारे दुसरे प्रतिपिंड घालतात. रंग आला, तर प्रतिविषाने विषाला धरले. प्रतिविष अधिकाधिक पातळ करीत गेल्यावर रंग कोठे लोपतो, यावरून पकड किती बळकट आहे ते कळते. दुसऱ्या पद्धतीत विषातील प्रथिने आकारमानाप्रमाणे जेलमध्ये विलग करून पातळ पटलावर उतरवितात. मग कोणत्या पट्ट्याला प्रतिपिंड चिकटते ते दिसते. मोठे जस्तधारी विकर असेल तर पट्टा बहुधा ठळक उमटतो. लहान आकाराच्या विषद्रव्यांविरुद्ध घोड्याचे शरीर तितक्या उत्साहाने प्रतिपिंडे बनवीत नाही, म्हणून ते पट्टे पुसट राहतात.

श्रोतेहो, येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जस्तधारी प्रथिनाचा शोध घेणारे प्रतिपिंड सामान्यतः जस्ताला ओळखत नाही. ते प्रथिनाच्या पृष्ठभागाचा एक तुकडा ओळखते. जस्त काढून घेतले की काही प्रथिनांची घडी मोडते, आणि मूळ घडी ओळखणारे प्रतिपिंड त्यांना चिकटेनासे होते. उलट, उकळून उलगडलेल्या प्रथिनाचा सरळ तुकडा ओळखणारे प्रतिपिंड सजीव पेशीतील घडीदार प्रथिनाला कदाचित स्पर्शही करणार नाही. जस्त-बोटांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. मानवी शरीरात या कुळातील प्रथिने शेकड्यांनी आहेत आणि बोटाची घडण साऱ्यांत सारखीच. त्या समान भागाविरुद्ध बनविलेले प्रतिपिंड एकाच्या नावाने दुसऱ्याला हाक मारील. म्हणून जाणते संशोधक प्रथिनाचा असा भाग निवडतात, की जो भावंडांत आढळत नाही. आणि एवढ्यावरही न थांबता, ज्या पेशीतून ते प्रथिन जनुकासह काढून टाकले आहे अशा पेशीवर ते प्रतिपिंड लावून पाहतात. तेथेही रंग उमटला तर साधन खोटे ठरते, मग कुपीवरील चिठ्ठी काहीही सांगो. ही सावधगिरी नेहमी पाळली गेली नाही. म्हणून २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकातून संशोधनातील प्रतिपिंडांना प्रमाणबद्ध करण्याची मागणी केली.

प्रयोगशाळेत चुकीच्या प्रतिपिंडाने वेळ, पैसा व निष्कर्ष वाया जातात. दवाखान्यात त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. भारतात प्रतिविषासाठी लागणारे विष दीर्घकाळ बव्हंशी तामिळनाडूतून, इरुळा जमातीच्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. त्या संस्थेचे कार्य मोलाचे आहे. परंतु सापाची जात एक असली तरी प्रदेशागणिक विष बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. कार्तिक सुनगर आणि सहकारी यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले. कोरड्या प्रदेशांतील घोणशींच्या विषात प्रथिने तोडण्याची क्रिया अधिक आढळली. राजस्थानातील फुरशाच्या चाव्यावर दक्षिणेतील विषापासून बनविलेले प्रतिविष अपुरे पडते, अशाही नोंदी तेथील डॉक्टरांनी केल्या आहेत. तेव्हा निमाड-खानदेशातील घोणशीला कुपीतील प्रतिपिंड कितपत ओळखते, हा तेथील शेतमजुराच्या दृष्टीने पुस्तकी प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर तेथल्याच सापांचे विष घेऊन, वर सांगितलेल्या परीक्षांनी मिळवावे लागेल.

या परीक्षांनाही एक मर्यादा आहे. चिकटणे म्हणजे निष्प्रभ करणे नव्हे. प्रतिपिंड विकराच्या पाठीला चिकटले आणि जस्ताची खाच मोकळीच राहिली, तर रंग उमटेल, पण विकर आपले काम करीतच राहील. म्हणून अखेरचा निवाडा आजही प्राण्यांवरील चाचणीने होतो. या अडचणीतून एक वेगळी वाट निघाली आहे. विषातील विकराचे बळ जस्तात असेल, तर ते जस्तच हिरावून घेतले तर? पारा व आर्सेनिक यांच्या विषबाधेवर वापरले जाणारे युनिथिऑल हे धातूला बांधून टाकणारे औषध आफ्रिकेतील फुरशाच्या विषापासून उंदरांचे रक्षण करते, असे २०२० मध्ये दिसून आले. ते तोंडावाटे देता येते. रोगी दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा मोलाचा वेळ अशा औषधाने मिळेल, ही आशा त्यामागे आहे. प्रतिपिंडाची जागा मात्र ते घेऊ शकणार नाही. कारण विषात जस्तावाचून काम करणारी द्रव्येही असतात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेक खेड्यांतली. प्रदेशानुरूप प्रतिविष तयार होईपर्यंत प्रत्येकाच्या हाती असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण निर्णायक आहेत. शेतात रात्री जाताना पायांत बूट आणि हातात विजेरी असावी. चावा झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता, मंत्रतंत्रात क्षणही न दवडता, रोग्याला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. शास्त्राकडून आपण अचूक ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची अपेक्षा करतो, ती रास्तच आहे. परंतु ते प्रतिपिंड कितीही पारखून घेतलेले असले, तरी वेळेवर रक्तात पोहोचले तरच ते आपला शत्रू ओळखू शकते.